एकास चाळीस

घराला रंग काढला तर शेजारीपाजारी फार तर शेडचं नाव विचारतात. घरातली फरशी फोडायला काढली की मात्र अख्खी पेठ आत येते. चपला घालूनच येते, कारण चपला काढाव्यात असं आत काही उरलेलं नसतं. खड्ड्याच्या काठावर उभा राहून आलेला माणूस आधी नुसता खाली बघतो. मग मान हलवतो. मग विचारतो, "पाइप कुठला टाकताय?" तुम्ही काहीही उत्तर द्या, पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "आमच्या मेव्हण्यानं तोच टाकला होता." त्यानंतर त्या मेव्हण्याची जी काही दुर्दशा झाली ती तपशीलवार सांगण्यात येते. भिंतीत कपाट करायचं असतं तेव्हा हे मेव्हणे कुठे असतात कोण जाणे. संडास म्हटलं की गावोगावचे उठून येतात.

माझं म्हणणं असं आहे की आपण दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे खर्च करतो आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर मत. टाइल, नळ, आरसा यांच्या दुकानात आपण खिशात हात घालून उभे असतो. जमिनीखाली जे गाडायचं असतं त्याच्यापाशी हात पाठीमागे बांधून. घराची अब्रू वरच्या मार्बलवर नाही, खाली गाडलेल्या चार इंची पाइपावर अवलंबून असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर मत द्यायला इतकी गर्दी.

आमचं घर साताऱ्याच्या जुन्या पेठेतलं, आजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, त्यावर वडिलांनी पत्रे काढून घातलेला स्लॅब. संडास परसात, घरापासून शक्य तितका लांब. आजोबांच्या पिढीला त्या अंतरातच सोवळेपण वाटायचं. वडिलांनी त्याला सेप्टिक टँक जोडला, दाराची कडी बदलली, पण त्याला घरात घ्यायचा विषय काही काढला नाही. साताऱ्याच्या पावसात परसाकडे जायचं म्हणजे एका हातात छत्री, एका हातात टॉर्च, आणि कडी काढायला तिसरा हात कुणाकडून तरी उसना घ्यायचा.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता उकिडवं बसायचं नाही. तेव्हा आईच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत कमोड बसवायचं ठरलं. कोठीची एक भिंत देवघराला लागून. त्यावरून वास्तुशास्त्राचे दोन जाणकार येऊन गेले आणि त्यांचं आपसांतच जुळेना. शेवटी आईच म्हणाली, "देवाला माझे गुडघे दिसतात ना? मग झालं." विषय संपला.

प्लंबर म्हणजे पंचविशीतला पोरगा, कानात हेडफोन, बोलायला कमी. त्यानं आधीच सांगितलं होतं, "पी ट्रॅपचा कमोड घ्या, काका. भिंतीतनं पाइप बाहेर काढतो, फरशीला हात लावायला नको." पण कोठीची एकुलती एक बाहेरची भिंत म्हणजे आमची हद्द, आणि त्यापलीकडे शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन. पाइप तिकडून काढला असता तर तो थेट तुळशीच्या लग्नात निघाला असता. म्हणजे एस ट्रॅप, म्हणजे खालून पाइप, म्हणजे फरशी फोडणं आलं.

इथे काकांचा प्रवेश झाला. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात धोम आणि कण्हेरच्या कालव्यांवर गेली. पाणी कुठून कुठे न्यायचं असलं की त्यांना घरी बसवत नाही, मग ते पाणी कसलंही असो.

"उतार किती देणार?" त्यांनी प्लंबरला विचारलं.

"एकास चाळीस."

काका खुर्चीतून उठलेच. पाच-सहा हजार फुटांत एक फूट उतार हे ज्यांनी आयुष्यभर बघितलं, त्यांच्या घरात चाळीस फुटांत एक फूट. "अरे, हा पाइप टाकतोयस की ठोसेघरचा धबधबा? एवढ्या उतारात आम्ही वाईचं पाणी साताऱ्यापर्यंत आणलं असतं आणि वर पुरलं असतं!"

प्लंबरनं हेडफोन काढला. "साहेब, कालव्यात नुसतं पाणी जातं."

खोलीत काही क्षण कुणी बोललं नाही. काकांनी मात्र हा मुद्दा मोठ्या मनानं मान्य केला. एवढंच नाही, तर दुपारच्या चहापर्यंत तो त्यांनी स्वतःचा करून टाकला. उतार कमी पडला तर जड माल वाटेत बसतो आणि साचत जातो. फार जास्त झाला तर पाणी एकटंच पुढे पळतं आणि बाकीचं मागे राहतं, असं प्लंबर मंडळी सांगतात. "म्हणजे गाळच की रे!" काका म्हणाले. "वेग असा हवा की गाळ बसू नये आणि कालवा खरडूनही निघू नये. हे तर केनेडीनं १८९५ सालीच सांगितलंय."

"अमेरिकेचे?" मिस्त्रींनी घमेलं खाली ठेवून विचारलं.

"पंजाबचे. वरच्या बारी दोआब कालव्यावर होते." मिस्त्रींनी केनेडीसाहेबांसाठी मान लववली आणि घमेलं पुन्हा उचललं.

आता हिशेब. कोठीपासून बाहेरच्या चेंबरपर्यंत घराच्या कडेकडेनं वळसा घालून गेलं तर २८ फूट आणि वाटेत दोन काटकोन. सरळ गेलं तर २० फूट आणि एकही वळण नाही. एकास चाळीसच्या हिशेबानं २० फुटांना ६ इंच उतार लागतो, २८ फुटांना ८ इंचांच्या वर. एरवी या दोन-अडीच इंचांचं कुणाला काय? पण आमच्या घराचं जोतं आजोबांच्या काळी रस्त्यापासून चांगलं तीन पायऱ्या वर होतं, ते आता एका पायरीवर आलंय. घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. दर दोन-चार वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर पडतं, आणि निवडणुका जवळ आल्या की जरा जाडच पडतं. रस्त्याबरोबर अंगण उचललं, अंगणाबरोबर चेंबर. सेप्टिक टँकच्या तोंडाची पातळी मात्र वडिलांनी ठेवली तिथेच. त्यामुळे वरून दाब, खालून दाब, आणि मध्ये आमचे ६ इंच.

अशा वेळी गावाकडचा सर्वमान्य तोडगा म्हणजे संडासाची फरशीच वर उचलायची. म्हणून कितीतरी घरांत दोन पायऱ्या चढून कमोडवर बसावं लागतं आणि बसलेल्या माणसाला आपण काहीतरी घोषणा करायला हवी असं वाटू लागतं. पण जिच्या गुडघ्यांसाठी हे सगळं चाललंय तिलाच पायऱ्या चढायला लावायच्या, हे कुणालाच पटेना. तेव्हा सरळ रेषेनंच जायचं ठरलं. घराच्या पोटातून पाइप न्यायचाच झाला तर तो सुतासारखा सरळ न्यावा आणि दोन्ही टोकांना उघडता येईल अशी सोय ठेवावी, हा नियम काकांनी आणि प्लंबरनं एका सुरात सांगितला. अख्ख्या कामात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

ही सरळ रेषा हॉलमधून जात होती. हॉलमध्ये गेल्याच वर्षी नवीन टाइल बसवली होती. बायको रेषा आखेपर्यंत काही बोलली नाही. आखून झाल्यावरही काही बोलली नाही. फक्त पलंगाखाली ठेवलेली, उरलेल्या टाइलची पेटी तिनं स्वतःच्या हातानं ओढून बाहेर काढली आणि हॉलच्या मधोमध आणून ठेवली. प्रत्येक मराठी घरात पलंगाखाली अशी एक पेटी असते आणि "टाका की आता" असं प्रत्येक दिवाळीच्या साफसफाईत तिच्याविषयी बोललं जातं. ती टाकली नाही म्हणून बायकोनं जो काही मान मिळवला तो अजून उतरलेला नाही. त्या लॉटची टाइल आता दुकानात मिळत नाही आणि दुसऱ्या लॉटची त्याच नावाची टाइल शेजारी ठेवली तर सावत्र दिसते.

संडासाच्या कामात कमोड बसतो सगळ्यात शेवटी, पण ठरवावा लागतो सगळ्यात आधी. कारण एस ट्रॅपच्या कमोडचं खालचं तोंड मागच्या भिंतीपासून किती अंतरावर येतं, ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. कुठल्याचं ९ इंच, कुठल्याचं १२. एकदा पाइप त्या जागी वर काढून काँक्रीट ओतलं की मग मत बदलायची सोय नाही. तेव्हा फरशीवर पहिला घाव पडायच्या आधी आम्ही सगळे शोरूमला गेलो.

शोरूममध्ये कमोड रांगेनं मांडलेले असतात आणि गिऱ्हाइकानं कपड्यांनिशी, लोकांदेखत, त्यावर बसून बघायचं असतं. बसल्यावर चेहऱ्यावर काय भाव ठेवायचा हे कुणालाच माहीत नसतं. बहुतेक जण छताकडे बघतात. आई मांडीवर पर्स घेऊन एकेकावर व्यवस्थित बसली, पाय टेकतात का ते बघितलं, उठताना हाताला धरायला काय असेल ते विचारलं. विक्रेत्यानं टाकीवरची दोन बटणं दाखवली. लहान दाबलं तर ३ लिटर, मोठं दाबलं तर ६.

"आणि दोन्ही दाबली तर?" आई म्हणाली.

विक्रेत्यानं असं कुणी करत नाही असं सांगितलं. आईचा त्यावर विश्वास बसला नाही, तिला आमच्या घरातली माणसं माहीत आहेत.

पाइपाचं दुकान म्हणजे अगदी दुसरी दुनिया. तिथे कुणी पाणी विचारत नाही, खुर्ची तर नाहीच. सेलफिट हवा की रिंगफिट, चार किलोचा हवा की सहा किलोचा, एवढंच विचारतात. स्वस्तात भागवणारे शेतीचा पातळ पाइप नेतात आणि तोच संडासाला गाडतात. दुकानदार त्यांना अडवत नाही. "जमिनीत जायचाय ना? मग दिसतोय कुणाला!" हे त्याचं पेटंट वाक्य. काकांनी चष्मा लावून पाइपावरचा छाप वाचला. सांडपाण्याच्या पाइपात ए आणि बी असे दोन प्रकार येतात. ए हा हवेच्या नळीला आणि छपरावरच्या पावसाच्या पाण्याला, मैल्याला जाड भिंतीचा बी. दुकानदारानं ए काढून ठेवला होता. काका काही बोलले नाहीत, नुसते त्या अक्षरावर बोट ठेवून उभे राहिले. सरकारी नोकरीत माणूस हे शिकतो.

मग ब्रेकर आला. ब्रेकरच्या आवाजाचं वर्णन मी करत नाही, ज्याच्या वरच्या मजल्यावर कुणी 'थोडंसं काम' काढलंय त्याला ते सांगायला नको. देव तेवढ्यापुरते फ्रिजवर गेले. धूळ मिठाच्या बरणीत गेली, पासबुकात गेली, झाकण लावलेल्या लोणच्यात कशी गेली ते अजून कळलेलं नाही.

आत काय निघालं ते मात्र बघण्यासारखं होतं. सगळ्यात वर बायकोची टाइल. तिच्या खाली वडिलांच्या काळची शहाबादी, जी काढून टाकण्याचे पैसे आमच्याकडून घेतले गेले होते आणि जी जागची हललीच नव्हती. तिच्या खाली चुन्याचा आणि वीटकरीचा कोबा, इतका घट्ट की छन्नीला ठिणगी उडे. "असा कोबा आता कोन करनार?" मिस्त्री कौतुकानं म्हणाले आणि फोडत राहिले. कोब्याखाली मुरूम, आणि मुरमात, हॉलच्या बरोबर मध्यावर, भाजक्या मातीचा एक जुना पाइप. तो कुठून येत होता कळेना, कुठे जात होता तेही कळेना. आजोबांनी टाकला म्हणावं तर आजोबांच्या काळी इथे नळच नव्हता. पेठेतल्या लोकांनी येऊन पाहणी केली. गुप्तधनाचा एक पंथ निघाला, भुयाराचा दुसरा. साताऱ्यात जमिनीखाली काहीही सापडलं तरी ते अजिंक्यताऱ्याला जोडलेलं असतं. काकांनी त्याला हात लावू दिला नाही. "चालू असेल तर कुणाचा तरी घोटाळा होईल," म्हणाले. तो तसाच ठेवून आमचा पाइप त्याच्या वरून गेला. एखाद्या दिवशी कुणाचा तरी मेव्हणा त्याचा हक्क सांगत येईल.

खोदून झाल्यावर मिस्त्रींनी मागच्या भिंतीपासून ९ इंच मोजून खूण केली. आमचा कमोड ९ इंचाचा, टेप ९ इंचावर, सगळं बरोबर. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं चाळीस वर्षं घरी शिवणकाम केलं, पेठेतल्या निम्म्या मुंजींचे झब्बे तिच्या मशिनीवरचे.

"मिस्त्री, माया सोडलीत का?"

मिस्त्री गोंधळले. काकाही गोंधळले, केनेडीनं याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"या भिंतीला गिलावा व्हायचाय. त्यावर टाइल लागायची. तुम्ही मोजताय उघड्या विटेपासून. शिवणात गेलेलं कापड अंगाला येत नाही, बाबा."

गिलावा आणि टाइल मिळून दीड इंच तरी होणार होता. खूण साडेदहा इंचांवर गेली. नाहीतर पुढे कमोड भिंतीला टेकला असता आणि भोकावर बसला नसता. मग जोडाला एक वाकडा तुकडा लावून भागवतात आणि त्या वाकड्या तुकड्यातच पुढची वीस वर्षं सगळं अडकतं. प्लंबरनं त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही कानांतले हेडफोन काढले.

काळ्या दगडाच्या जोत्यातून पाइप बाहेर काढणं हे वेगळंच प्रकरण. त्याला कोअर कटरवाला आला, त्यानं दगडात पाइपापेक्षा मोठं गोल भोक पाडलं. मोठंच का, तर घर पुढेमागे केसभर जरी बसलं तरी त्याचा भार पाइपावर येऊ नये. भोकातून निघालेला दगडाचा गुळगुळीत दंडगोल कोपऱ्यात उभा होता. आलेल्या लोकांतल्या कुणीतरी त्याच्यावर फूल वाहिलं.

उतार तपासायला मिस्त्रींनी काढली ती पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की भिंतीवर पेन्सिलची खूण. ना बॅटरी, ना दुरुस्ती. फक्त नळीत बुडबुडा राहता कामा नये. काकांना सुरुवातीला डंपी लेव्हलशिवाय करमत नव्हतं, पण एकदा नळीचं टोक हातात आल्यावर ते कोठीच्या कोपऱ्यात इतके रमले की जेवायला बोलावून आणावं लागलं. खुणा जुळल्या. या टोकाला शून्य, त्या टोकाला सहा इंच खाली.

या कामातली सगळ्यात हुशार वस्तू म्हणजे कमोडच्या पोटातलं वळण. त्यात दोन इंच पाणी कायम साचून राहतं, आणि सेप्टिक टँक व आपलं घर यांच्यामध्ये उभं असतं ते एवढंच दोन इंच पाणी. ते आटलं तर टँक घरात येतो, निदान वासानं तरी. या वळणाचं पहिलं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसानं लंडनमध्ये घेतलं. तो धंद्यानं घड्याळजी. त्याच वर्षी इकडे राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई लिहून दिली. आपल्या शालेय इतिहासात तहाला धडा आहे, वळणाला नाही. इंग्रज गेले, तह गेला, वळण राहिलं. अर्थात हे दोन इंच पाणी जागेवर राहायलाही बाहेरून हवा लागते. नाहीतर फ्लश जाताना ते ओढून घेऊन जातो. त्यासाठी छपराच्या वरपर्यंत एक उभी नळी न्यावी लागते. ती आपल्याच गच्चीकडे बघत असल्याची तक्रार दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी केली. नळी गोल असते, ती कुणाकडेच बघत नाही, हे सांगून झालं.

आमच्या परसामागं एक अरुंद बोळ आहे. आता तिथे कुणी जात नाही. आजोबांच्या लहानपणी टोपलीचे संडास होते, आणि टोपल्या उचलायला माणसं यायची ती त्या बोळातून. पुढच्या दारानं त्यांना कुणी येऊ देत नसे. कणकवलीला गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धन स्वस्तातल्या संडासांचे नमुने करत बसले ते काही बांधकामाची हौस म्हणून नव्हे. माणसाला माणसाची घाण उचलायला लावण्यावर कायद्यानं बंदी आली १९९३ साली, २०१३ साली ती आणखी कडक झाली, आणि तरी टँकमध्ये उतरलेला माणूस गुदमरून गेल्याची बातमी अजून पेपरात येतेच. या अख्ख्या कामात मी एकच हट्ट धरला तो यावरून. वळणाला झाकणवाला बेंड आणि बाहेर असं चेंबर की जे तुंबेल ते वरूनच सळईनं काढता यावं, कुणाला आत उतरावं लागू नये. प्लंबर म्हणाला, "ते तर मी करतोच." बरं वाटलं.

पाइप जोडून झाल्यावर त्याचं चेंबरकडचं तोंड बंद करून वरपर्यंत पाणी भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. पातळी उतरली तर कुठला तरी जोड गळतोय. काका रात्री टॉर्च घेऊन उठून उठून बघत होते. सकाळी पाणी बोटभर खाली होतं. प्लंबरला फोन गेला, तो तसाच न आंघोळ करता आला, एकेका जोडावर हात फिरवून बघितला. सगळे कोरडे. मिस्त्री म्हणाले, सोल्यूशन नकली असंल. दुकानदाराचा उद्धार सुरू झाला. तेवढ्यात परसातून आमचं मांजर आलं, पाइपाच्या तोंडाशी बसलं आणि सवयीचं असल्यासारखं पाणी प्यायला लागलं.

जोड पास झाले. मग पाइपाभोवती वाळू, वाळूवर मुरूम थराथरानं, थरावर पाणी आणि धुमस. हा धुमस चुकवतात बरेच लोक. मग सहा महिन्यांनी मुरूम बसतो, टाइल पोकळ वाजायला लागते आणि घरात कुणी रात्री चाललं की सगळ्यांना कळतं. आमच्याकडे धुमस काका मोजत होते, त्यामुळे मजूर दुसऱ्या दिवशी दांडी मारून बसला.

पुढची भीती पाइपाच्या उघड्या तोंडाची. काम चालू असताना त्यात काय जाईल सांगता येत नाही. सिमेंटचा माल, विटेचा तुकडा, करणी, बिडीचं पाकीट. आणि गेलेलं कळतं ते घरात पाहुणे असताना. लोक त्यात गोणपाट कोंबतात आणि मग ते गोणपाटच काढायचं विसरतात. आमच्याकडे कामाच्या शुभारंभाला आणलेला नारळ फोडायचा राहून गेला होता. आईनं तो पाइपाच्या तोंडावर ठेवला. शेंडी वर, बरोबर बसला, ना आत जाईल ना हलेल. त्या दिवशी शेजारच्या काकू कोठीत डोकावल्या, नारळ बघितला, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला. जाताना "पूजा कधी आहे?" असं विचारून गेल्या. तो नारळ पुढे फोडावा की कसं, यावर घरात दोन तट पडले. अखेर मिस्त्री घेऊन गेले. त्याची चटणी झाल्याचं त्यांनी नंतर सांगितलं, आमच्यापैकी कुणी विचारलेलं नसताना.

फरशी झाली, तिचा उतार जाळीकडे आहे का ते गोटी सोडून बघितलं. गोटी आधी दाराकडे आली, मिस्त्रींनी एक टाइल उचलून पुन्हा बसवली, मग गोटी जाळीकडे गेली. कमोड बसला, भोकावर बसला, भिंतीला बेताचा सुटून बसला. आता राहिला पहिला फ्लश.

१३ मार्च १९९९ रोजी कोयनेला लेक टॅपिंग झालं, धरणाच्या पाण्याखालचा शेवटचा खडक सुरुंगानं उडवून पाणी बोगद्यात घेतलं, तेव्हा काका तिथे काठावर हजर होते. २०१२ साली ते दुसऱ्यांदा झालं तेव्हा काका निवृत्त होते, त्यांना कुणी बोलावलं नाही, याचं शल्य आहे. आमच्या कोठीतल्या पहिल्या फ्लशची सूत्रं त्यांच्याकडेच देणं भाग होतं. त्यांनी रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग कमोडमध्ये टाकला, स्वतः बाहेर चेंबरचं झाकण उघडून उभे राहिले, प्लंबरला आत ठेवलं आणि मला मध्ये हॉलमध्ये, निरोप पोहोचवायला. "सोडा!" मी "सोडा" म्हटलं. आत धो आवाज झाला. टाइलवर उभं राहून पायाखालून काही जातंय का ते मी ऐकायचा प्रयत्न केला. काही ऐकू आलं नाही. तेवढ्यात बाहेरून काकांची आरोळी आली, "आलं! आलं! हिरवंगार आलं!" पलीकडच्या घरातून कुणीतरी विचारलं, "काय झालं? मुलगा की मुलगी?"

चहा झाला, पेढे झाले. बिलावर प्लंबरनं "इतर" म्हणून जी रक्कम लावली होती ती काय, हे काकांनी विचारलं, आणि त्यानं "तुमचं मार्गदर्शन" असं शांतपणे सांगितलं.

मग आई उठली. काठी टेकत कोठीत गेली, दार लावलं, कडी घातली. आम्ही सगळे बाहेर. मी, बायको, काका, मिस्त्री, प्लंबर, शेजारच्या काकू आणि मांजर. कुणी काही बोलेना. प्लंबरनं हेडफोन गळ्यात काढून ठेवला होता. काका दाराला कान लावतात की काय अशी मला शंका यायला लागली होती, इतक्यात आतून आवाज आला.

"अरे, जा की आपापल्या कामाला सगळे! कालवा सुटणार नाहीये इथं!"